प्रारूप विकास योजना, कलम ३७ चा फेरबदल आणि शेजारचा टॉवर: नेमकी हरकत कशी घ्यावी

महाराष्ट्रातल्या वाढत्या शहरात नवं बांधकाम तीन वाटांनी तुमच्या दारापर्यंत येतं. पहिली वाट प्रारूप विकास योजनेची. साधारण वीस वर्षांसाठी रस्ते, शाळा, बागा, दवाखाने, निवासी आणि औद्योगिक पट्टे त्यात आखलेले असतात. दुसरी वाट मंजूर योजनेतल्या फेरबदलाची, म्हणजे एखाद्या मैदानाचं आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा) उठवणं, शेतीचा पट्टा निवासी करणं, रस्त्याची आखणी सरकवणं. तिसरी वाट एकाच भूखंडावरच्या बांधकाम परवानगीची.

तिन्ही वाटांवर मुदत वेगळी, निर्णय घेणारा वेगळा आणि नागरिकाचा हक्कही वेगळा आहे. पहिल्या दोन वाटांवर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ तुम्हाला लेखी हरकतीचा आणि सुनावणीचा हक्क देतो. तिसऱ्या वाटेवर शेजाऱ्याला परवानगीपूर्वी म्हणणं मांडण्याची अशी सोय नाही, तिथे कागद तपासून नियमभंग दाखवावा लागतो. मैदान वाचवायचं असेल तर ते नकाशावर असतानाच वाचवणं सोपं. त्यावर इमारतीची परवानगी निघाल्यावर तीच लढाई कितीतरी महाग आणि लांब होते. म्हणून या लेखात सर्वाधिक जागा पहिल्या वाटेला दिली आहे.

सूचना मूळ स्वरूपात मिळवा

वर्तमानपत्रातली बातमी पुरेशी नाही. प्रारूप योजनेची सूचना कलम २६ खाली राजपत्रात प्रसिद्ध होते आणि मुदत राजपत्राच्या तारखेपासून मोजतात. बातमी चार-पाच दिवसांनी वाचली असेल तर तेवढे दिवस गेले असं धरा. मुदत सूचनेतच छापलेली असते, बहुधा ३० किंवा ६० दिवस. मुदतवाढ मिळेल या भरवशावर बसू नका. मिळाली तर तो वेळ पुरवणी कागदांसाठी वापरा.

सूचनेतून पाच गोष्टी वहीत उतरवा: कोणत्या कलमाखाली निघाली, तिचा क्रमांक, राजपत्राची तारीख, हरकत कोणाच्या नावे आणि कोणत्या कार्यालयात द्यायची, नकाशे कुठे पाहायला ठेवले आहेत. नकाशे पाहण्याचा आणि प्रमाणित प्रती वाजवी किमतीत विकत घेण्याचा हक्क याच कलमात आहे.

विकत घेताना फक्त प्रस्तावित नकाशा घेऊन परत येऊ नका. योजनेचा अहवाल घ्या. आरक्षण क्रमांक, गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि ते आरक्षण कोणत्या प्राधिकरणाने विकसित करायचं हे तक्त्यात दिलेलं असतं. शिवाय विद्यमान भू-वापर नकाशाची तुमच्या भागाची शीट घ्या. मोठ्या चुकांचं मूळ याच नकाशात सापडतं. सर्वेक्षणाच्या वेळी तुमची इमारत नोंदली गेली नसेल, तर नियोजनकाराच्या दृष्टीने ती जागा मोकळीच होती, आणि मोकळ्या जागेवर आरक्षण पडणारच.

जागा नकाशावर बसवा

आधी रंगखुणांचा तक्ता पहा. बहुधा पिवळा रंग निवासी, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक-निमसार्वजनिक आणि हिरवा बागा-मैदानांसाठी असतो, पण शीटवरचा तक्ता सांगेल तेच खरं. विद्यमान रस्ता आणि प्रस्तावित रस्ता यांच्या रेषा वेगळ्या असतात. रुंदीकरण असेल तर रुंदी कोणत्या बाजूने वाढते ते पहा: दोन्हीकडे सारखी की एकाच बाजूला.

मग प्रमाण तपासा. १:४००० च्या नकाशावर १ सेंमी म्हणजे जमिनीवर ४० मीटर, त्यामुळे १८ मीटरचा रस्ता अवघा साडेचार मिमी दिसतो. १:१०,००० वर तोच रस्ता दोन मिमीपेक्षा कमी भरतो, आणि अर्धा मिमी जाडीची रेषा पाच मीटर जमीन झाकते. अशा नकाशावर पट्टी ठेवून ‘रस्ता माझ्या भिंतीच्या आतून जातो की बाहेरून’ हे ठरवता येत नाही. मोबाइलवरच्या उपग्रह चित्रावर नकाशाचा फोटो ताणून बसवला तर चूक आणखी वाढते, कारण फोटो कडेला वाकतो.

ठाम उत्तर तीन कागदांतून मिळतं. नगररचना विभागाकडून तुमच्या गटापुरता भाग नकाशा आणि झोन दाखला मागा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घ्या. मोजणी झालेली नसेल तर त्याच दिवशी अर्ज करा. सरकारी मोजणी हरकतीच्या मुदतीत पूर्ण होण्याची शक्यता कमी, पण अर्जाची पावती हरकतीला जोडता येते आणि सुनावणीपर्यंत नकाशा हाती येऊ शकतो. दरम्यान खासगी सर्व्हेअरकडून टोटल स्टेशन या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्राने मोजून घ्या. हद्दीचे दगड, विहीर, रस्त्याचा मध्य, जुना नाला असे पक्के बिंदू त्यात यायलाच हवेत, नाहीतर ते मोजमाप नगररचनेच्या नकाशाशी जुळवता येत नाही.

सात-बारा आणि मिळकत पत्रिका दोन्ही काढा. नगर भूमापन झालेल्या भागात सर्व्हे नंबर आणि सीटीएस (नगर भूमापन) नंबर वेगळे असतात, आणि अहवालातल्या तक्त्यात जुना नंबर असेल तर तुमची हरकत दुसऱ्याच जागेच्या फाइलीत जाते. हरकतीत दोन्ही नंबर लिहा.

कोणते मुद्दे टिकतात

नियोजन समिती हरकतींचं वजन सह्यांच्या संख्येवर करत नाही. एकाच छापील मजकुराच्या पाचशे प्रती आल्या तर त्या एकत्र करून एकच मुद्दा म्हणून ऐकल्या जातात. ‘आमचं नुकसान होतं’ हे खरं असलं तरी प्रत्येक आरक्षणात कुणाचं तरी नुकसान होतंच. त्यामुळे नियोजनाच्या भाषेत न मांडलेलं नुकसान बाजूला पडतं. ‘बिल्डरच्या फायद्यासाठी केलं’ असं पुराव्याविना लिहिलं तर उरलेल्या चांगल्या मुद्द्यांचंही वजन जातं.

टिकणारे मुद्दे जमिनीवर मोजता येतात. परवानगी घेतलेली, भोगवटा प्रमाणपत्र असलेली इमारत विद्यमान नकाशात मोकळी जागा म्हणून दाखवली आहे. आरक्षणाची रेषा गटाच्या हद्दीला न जुळता कोपरा कापते, त्यामुळे उरलेला तुकडा वापरण्याजोगा राहत नाही. शाळेच्या आरक्षणाला पोहोच रस्ताच नाही. रस्ता चाळीस मंजूर घरांवरून जातो, आणि त्याच आखणीत थोडं सरकलं की सरकारी पड जमीन आहे. नाला नकाशातून गायब आहे. जागा पूररेषेत येते. उतार १:५ पेक्षा तीव्र आहे, म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटरहून जास्त चढ.

पूररेषेचा मुद्दा नदीकाठच्या शहरांत फार कामाचा आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी जोडलेली असते, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. प्रारूप योजनेत निळ्या रेषेच्या आत निवासी पट्टा दिसला तर जलसंपदा विभागाच्या नकाशाची प्रत जोडून दोन्ही नकाशांतला फरक गटनिहाय दाखवा. गेल्या पुराचे तारीखवार फोटो जोडा, पण भिंतीवरची पाण्याची खूण जमिनीपासून किती उंच होती ते टेपने मोजून लिहा. आकड्याविना फोटो ‘पाणी आलं होतं’ एवढंच सांगतो.

आरक्षण कमी पडल्याची तक्रार असेल तर अहवालातलीच लोकसंख्या आणि नियोजन प्रमाणकं घ्या. तुमच्या नियोजन विभागासाठी अहवाल स्वतः किती मैदानांची गरज दाखवतो आणि प्रत्यक्ष किती क्षेत्र दिलंय, ही वजाबाकी करा. बाहेरचे आकडे आणले की त्यांच्यावर वाद होतो. योजनेचेच आकडे योजनेविरुद्ध वापरले तर उत्तर द्यावंच लागतं.

हरकतीचा मजकूर

एका हरकतीत एकच मागणी ठेवा. रस्ता, बाग आणि पट्टा असे तीन विषय असतील तर तीन अर्ज करा, प्रत्येकाचा आवक क्रमांक वेगळा घ्या. दोन पानांपेक्षा लांबवू नका. तपशील जोडपत्रात जाऊ द्या. मजकुराचा साचा असा ठेवता येईल:

‘विषय: प्रारूप विकास योजना, सूचना क्रमांक __, राजपत्र दिनांक __, कलम २६ अन्वये हरकत. मौजे __, गट क्रमांक __, सीटीएस क्रमांक __, शीट क्रमांक __, आरक्षण क्रमांक __.

१. या गटात __ चौ.मी. क्षेत्रावर __ मजल्यांची इमारत आहे. बांधकाम परवानगी क्रमांक __ दिनांक __, भोगवटा प्रमाणपत्र क्रमांक __ दिनांक __.
२. विद्यमान भू-वापर नकाशात ही जागा मोकळी दाखवली आहे. भाग नकाशा आणि मोजणी नकाशा जोडले आहेत.
३. प्रस्तावित १८ मी. रस्त्यामुळे इमारतीचा __ चौ.मी. भाग बाधित होतो.
४. मागणी: रस्त्याची मध्यरेषा जोडपत्र ३ मध्ये दाखवल्याप्रमाणे __ मी. उत्तरेकडे सरकवावी. पर्यायी आखणीत बाधित मंजूर बांधकामे: __.
५. कलम २८ अन्वये समक्ष सुनावणी द्यावी.’

चौथा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘रस्ता रद्द करावा’ ही मागणी बहुतेकदा फेटाळली जाते, कारण रस्त्याची गरज कायम राहते आणि समितीपुढे दुसरा पर्याय नसतो. पर्याय रेखाटून दिला की चर्चा त्या रेषेवर होते. पर्यायी रेषा आखताना मात्र ती दुसऱ्याच्या मंजूर घरावरून जात नाही ना, पुढच्या गटात रस्त्याला अचानक कोन पडत नाही ना, हे पाहून घ्या. तांत्रिक अधिकारी आधी तेच पाहतात.

अर्ज शेवटच्या दिवशी देऊ नका. पोच घेतलेली प्रत, आवक क्रमांक आणि शिक्का नीट वाचता येईल असा फोटो ठेवा. ऑनलाइन भरत असाल तर जोडपत्रं खरोखर चढली का, हे डाउनलोड करून उघडून पहा.

सुनावणी

कलम २८ च्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. एका दिवसात खूप हरकती ऐकायच्या असतात, म्हणून तुमच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. ए-३ आकाराच्या एकाच कागदावर डावीकडे प्रस्तावित आखणी, उजवीकडे तुमची पर्यायी आखणी, खाली बाधित क्षेत्रांची तुलना, एवढंच समोर ठेवा. पहिल्या वाक्यात गट नंबर आणि मागणी सांगा, इतिहास नको. मूळ कागदांचा संच बरोबर असू द्या, कारण एखादी प्रत अस्पष्ट निघाली तर तिथेच दाखवता आली पाहिजे.

सोसायटीच्या वतीने जाणाऱ्याकडे ठराव आणि अधिकारपत्र हवं. ते नसेल तर ‘वैयक्तिक म्हणणं’ अशी नोंद होते. निघण्यापूर्वी दोन ओळींचं लेखी म्हणणं देऊन पोच घ्या, म्हणजे तुम्ही काय सांगितलंत याची नोंद तुमच्या शब्दांत राहते.

समितीच्या अहवालानंतर सुधारित योजना शासनाकडे जाते. कलम ३१ खाली मंजुरी देताना शासनाला मोठे बदल करायचे असतील तर त्या भागांवर पुन्हा सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. ‘ईपी’ क्रमांकांनी ओळखले जाणारे वगळलेले भाग हेच. पहिल्या फेरीत मागणी मान्य झाली म्हणून निर्धास्त झालेल्यांचं नुकसान इथे होतं: बदल पुन्हा फिरवलेला असतो आणि त्यांचं लक्ष नसतं. शासनाची अधिसूचना निघाली की तुमचा गट तिच्या परिशिष्टात आहे का, ते शोधा.

कलम ३७ चा फेरबदल

हा लहान दिसतो आणि म्हणूनच निसटतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची सूचना येते. हरकतीला एक महिना मिळतो आणि बाधित व्यक्तींना नोटीस देणं बंधनकारक असतं. बाग उठवून निवासी पट्टा करण्याच्या प्रस्तावात जमीनमालकाला ‘बाधित’ मानलं जातं, ती बाग वापरणाऱ्या वस्तीला नोटीस येईलच असं नाही. महापालिकेच्या संकेतस्थळावरची नगररचना विभागाची सूचनापाटी दर आठवड्याला पाहणं हाच उपाय. वस्तीत हे काम एकाकडे सोपवून टाका. हरकतीत ते आरक्षण मूळ योजनेत का टाकलं होतं, ती गरज संपली का, आणि बदली जागा कोणती दिली आहे, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

महापालिका अधिनियमाच्या कलम २०५ आणि २१० खालीही नवे रस्ते किंवा रस्त्यांच्या नियमित रेषा ठरवल्या जातात. विकास योजनेच्या नकाशात त्या दिसतीलच असं नाही. घर घेताना किंवा पुनर्विकासाचा करार करताना रस्ता विभागाकडे याची स्वतंत्र चौकशी करा.

शेजारचा प्रकल्प

पत्रे लागले, खोदाई सुरू झाली, मग? आधी महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प शोधा. भूखंड ५०० चौ.मी. पेक्षा मोठा आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी बंधनकारक आहे. तिथे मंजूर रेखांकन, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मालकी हक्काचा अहवाल आणि तिमाही प्रगती वाचता येते. प्रारंभ प्रमाणपत्र जोत्यापर्यंतच आहे की वरच्या मजल्यांपर्यंत, ते पहा. जे तिथे नाही ते माहिती अधिकारात मागा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील ३० दिवसांत.

मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबईची नियमावली वेगळी, तिचे आकडे पुण्या-नाशिकला लावू नका. या नियमावलीत दाट वस्तीच्या भागाबाहेर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, एफएसआय) १.१ आहे. निवासी इमारतीला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र मिळू शकतं. ४,००० चौ.मी. भूखंडातून रस्त्यात काही जात नाही असं धरलं तर ४,४०० अधिक २,६४०, म्हणजे ७,०४० चौ.मी. झाले, आणि यात अधिमूल्य (जादा शुल्क) भरून मिळणारा निर्देशांक आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) अजून धरलेलाच नाही. हे पुढचे दोन्ही समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतात. म्हणूनच रस्त्याची रुंदी ही तपासायची पहिली गोष्ट. मंजूर नकाशात १२ मीटर लिहिलंय आणि जागेवर तीन ठिकाणी मोजल्यावर ८ मीटर भरतोय, तर तो रस्ता योजनेतला प्रस्तावित रस्ता आहे का आणि त्याची जागा ताब्यात आली आहे का, हे विचारा.

पुढे भूखंडाचं क्षेत्र पहा. ४,००० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडात १० टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते. ती कागदावर असते आणि जागेवर तिच्यात ट्रान्सफॉर्मर, पाण्याची टाकी किंवा पार्किंग येतं. बाजूच्या मोकळ्या जागा मोजताना बाहेर आलेले सज्जे धरून मोजा. अग्निशमनाची गाडी फिरायची ६ मीटरची पट्टी रॅम्पने अडलेली नाही ना, हे पहा.

बांधीव क्षेत्र २०,००० चौ.मी. किंवा अधिक असेल तर कामापूर्वी पर्यावरण मंजुरी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर अर्ज, समितीच्या बैठकीची इतिवृत्तं आणि मंजुरीच्या अटी मिळतात. प्रकल्प दोन तुकड्यांत, प्रत्येकी मर्यादेच्या आत दाखवला असेल तर प्रवेशद्वार, सांडपाणी प्रक्रिया आणि रेखांकन सामाईक आहे का, ते तपासा. सामाईक असेल तर तो एकच प्रकल्प आहे हे म्हणण्याला बळ येतं. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत दाद मागावी लागते. सबळ कारण असेल तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ करू शकतो, त्यापलीकडे नाही.

परवानगीविरुद्ध किंवा परवानगीविना काम दिसलं तर तक्रारीत नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ आणि ५४ चा उल्लेख करा. मंजूर नकाशाची प्रत आणि त्यावर लाल शाईने दाखवलेला फरक जोडा, प्रभाग कार्यालयाबरोबर बांधकाम विभागालाही प्रत द्या.

खोल तळघर खोदण्याआधी स्वतःच्या इमारतीची नोंद करून ठेवा, कारण नंतर ‘तडे जुनेच होते’ हे उत्तर ठरलेलं असतं. प्रत्येक तड्याचा फोटो शेजारी पट्टी धरून तारखेसह घ्या. तड्याच्या दोन्ही कडांवर प्लास्टरने पातळ काचेची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर तारीख लिहा. भिंत हलली तर काच फुटते. पट्टी नुसत्या रंगाच्या थरावर चिकटवली तर ती आपोआप निसटते, म्हणून रंग खरवडून विटेच्या किंवा काँक्रीटच्या पृष्ठभागावर बसवा. संरचना अभियंत्याकडून पंचनामा करून एक प्रत विकासकाला आणि एक महापालिकेला पोच घेऊन द्या. खोदाईच्या बाजूने आधारभिंत किंवा शोअरिंग कसं करणार, त्याचं रेखाचित्र मागा.

स्वतःचीच जमीन आरक्षित असेल तर

अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर कलम १२७ खाली सूचना देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा संपादनाची पावलंही उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. सूचना तीन कारणांनी फसते: दहा वर्षं भरण्याआधी दिली, मालकी दाखवणारे कागद जोडले नाहीत, किंवा आरक्षण विकसित करणारं प्राधिकरण वेगळं असताना ती फक्त महापालिकेला दिली. महापालिका आणि ते प्राधिकरण अशा दोघांनाही नोंदणीकृत टपालाने पाठवा, पोचपावत्या सांभाळा. आरक्षण व्यपगत झाल्याचं राजपत्रात प्रसिद्ध व्हावं यासाठी नगरविकास विभागाकडे पाठपुरावा करा. त्या राजपत्राची प्रत बांधकाम परवानगीच्या अर्जाला जोडावी लागते.